रूपकाचा लेहरा

लेहरेकाका अर्धा तास एकच ओळ वाजवायचे आणि तिच्यात काडीचाही फरक पडू द्यायचे नाहीत. तबल्याचे एकलवादन चालू असताना वाजवणाऱ्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडत राहावी म्हणून पेटीवर जी ओळ फिरत ठेवतात, तो लेहरा. काका तो मोबाईलवर रेकॉर्ड करून महाल भागातल्या आम्हा सगळ्या तबला शिकणाऱ्यांना पाठवत. आमचे कायदे, म्हणजे तबल्याच्या बोलांच्या ठरावीक रचना, घोटले गेले ते त्यावरच.

कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी नोकरीभर मीटरच्या सुयांवर नजर ठेवली होती. "सुई हालली नाही, म्हंजे ड्युटी बराबर झाली," असे ते पेटीबद्दलही म्हणत. टाळ्या तबल्याला पडत. काका तेवढ्यात पेटीचा भाता बंद करून चहाकडे वळलेले असत.

रेकॉर्डिंगच्या वेळी घरात संचारबंदी. एकदा तीनताल संपत आला आणि कुकरची शिट्टी झाली. काकांनी पहिल्यापासून सुरुवात केली. काकू दारात येऊन मला म्हणाल्या, "याहिच्या तीनतालापायी घरात वरण शिजून नाही राहिलं बाप्पा!"

मग काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. तीनताल, झपताल, एकताल झाले होते, सात मात्रांचा रूपक तेवढा राहिला होता. हात पुरता जाण्याआधी तो भरून ठेवायचा, एवढाच त्यांचा ध्यास. त्यांनी मोजक्या स्वरांची सोपी ओळ निवडली, पण बोटे सावरता सावरता लय सुटू लागली. चार दिवस प्रयत्न करून त्यांनी मला बोलावले.

"तू मले रूपकचा ठेका भरून दे. मी कानात इयरफोन घालून वाजवतो. पण निस्ता ठेका दे गा. तुही हुशारी नाही पाह्यजे मले, सम पाह्यजे."

आयुष्यभर आम्हाला साथ देणारा माणूस माझ्याकडे साथ मागत होता. तरी खोड जाते कुठे? अर्धा तास साधा ठेका वाजवताना माझी बोटे शिवशिवली आणि मी मध्येच एक सजावटीचा तुकडा घेतलाच. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "अठराव्या मिनिटाले कोणाले दाखवून राहिला होता गा? माही ओळ गेली ना!"

मी खजील झालो. पुन्हा बसलो आणि अर्धा तास फक्त ठेका वाजवला. त्याआधी एवढे अवघड काही वाजवल्याचे मला आठवत नाही. त्या ठेक्यावर काकांनी तिसऱ्या खेपेला रूपक पुरा केला, इयरफोन काढला आणि म्हणाले, "झालं." त्यानंतर त्यांनी पेटी उघडली नाही.

काका जाऊन वर्ष होईल. मुले त्यांच्या रूपकावर तयारी करतात आणि टाळ्या घेतात. त्यात माझा ठेका कुणालाच ऐकू येत नाही. मी आजवर जे काही वाजवले, त्यात तोच मला सगळ्यात चांगला वाटतो.