कुमुदताईंचं रानमांजर

कुमुदताई कर्णिकांनी पहिल्याच भेटीत मला माझं वजन सांगितलं. लीड्सच्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसायचा. मी प्रसादाच्या रांगेत होतो. मागून आवाज आला, "अठ्ठ्याहत्तर किलो?" वळून पाहिलं तर उंच, पांढऱ्या बॉबकटच्या एक बाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "आणि मान आखूड. तुम्हाला भूल द्यायची तर नळी घालताना माझा घाम निघेल. मी कर्णिक. रिटायर्ड अ‍ॅनेस्थेटिस्ट."

"जोगळेकर," मी म्हणालो. "पुलांची डिझाइनं करायचो."

"मग आकड्यांना घाबरत नसाल. पुढे सरका, मोदक संपताहेत."

ही सवय त्यांना शेवटपर्यंत होती. माणूस समोर आला की आधी मान बघायची, मग वजनाचा अंदाज, मग नाव. नावं त्या विसरत. वजनं नाही.

नवरा गेल्यावर काही वर्षांनी त्यांनी शिकारीसाठी बंदुकीचं लायसन्स काढलं. डेल्सच्या डोंगराळ भागात एका शेतकऱ्याचं जंगल होतं आणि तिथली रो जातीची हरणं, शेळीएवढी असतात ती, नवी लावलेली झाडं खाऊन टाकत. ती दर हिवाळ्यात कमी करावी लागत. मंडळातल्या बायकांना हे पटलं नाही. एकीनं विचारलंच, "डॉक्टर असून जीव घेता?" कुमुदताई म्हणाल्या, "चाळीस वर्षं झोपवलेल्यांना उठवलं. आता न उठणारे माझ्या वाट्याला आलेत. दोन्हीकडे नियम एकच, त्याला कळता कामा नये." हरीण तोंडात गवत असताना पडलं पाहिजे, असं त्या म्हणत. पळालं तर ती शिकार नव्हे, अपघात.

त्यांच्या नादानं मीही लायसन्स काढलं. बायको गेल्यापासून मी एकटाच राहत होतो, आणि रविवार मोठे असत.

अडचण त्यांच्या उजव्या खांद्याची होती. दुकानात मिळणाऱ्या काडतुसांचा धक्का त्यांना सोसेना, आणि हलकी काडतुसं हरणासाठी कायद्यात बसेनात. तेव्हा त्यांनी ठरवलं की आपल्या खांद्याला झेपेल असं काडतूस आपणच घडवायचं. कारखान्यात न बनणाऱ्या अशा घरच्या काडतुसाला इंग्रजीत वाइल्डकॅट म्हणतात. कुमुदताईंनी सरळ रानमांजर म्हणायला सुरुवात केली.

मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ते काम चाले. तयार पितळी पुंगळी घ्यायची, डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिचा खांदा मागे न्यायचा, मान आवळायची. पितळ कडक झालं की ज्योतीवर धरून मऊ करायचं, नाहीतर मान तडकते. "आयुष्यभर मानाच बघितल्या," त्या म्हणत, "ही पहिली, जी मला हवी तशी वळतेय." घडवलेली पुंगळी पहिला बार उडताना फुगते आणि बंदुकीत काडतूस बसतं त्या घराचा नेमका आकार घेते. त्यावर त्यांचं म्हणणं असं, "एकदा या घरात फुलली की दुसऱ्या कुठल्या घरात बसत नाही. आपणही तसेच, जोगळेकर. आता दादरला जाऊन बघा, बसतंय का कुठे."

एकदा मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा त्या काट्यावर बंदुकीची दारू तोलत होत्या. "आत्ता नको, दारू मोजतेय," म्हणून त्यांनी फोन ठेवला. आठवड्याभरात कर्णिकबाई एकट्या बसून पितात, तेही मोजून, ही बातमी थेट लंडनजवळच्या पिनरपर्यंत पोचली. त्यांनी ती कधी खोडली नाही. "मोजून पितात म्हणाले ना? मग अर्धी अब्रू शाबूत आहे."

जेफ नावाच्या बंदूककारानं त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे बॅरल कोरलं. ते सरकारी चाचणीतून पास होऊन आलं आणि रायफल आम्हा दोघांच्या लायसन्सवर चढली. दारू मात्र कमीत कमीपासून सुरू करून त्या कणाकणानं वाढवत गेल्या. मी घाई केली की ठरलेलं वाक्य यायचं, "डोस कमी पडला तर आणखी देता येतो. जास्त झाला तर परत काढता येत नाही." शेवटी सौम्य धक्क्याचं, गोड काडतूस तयार झालं. त्याची एक अट होती. शंभर यार्डांच्या आत गोळी हरणाच्या अंगात शिरताच टोकाशी पसरून फुलणार आणि ते जागच्या जागी पडणार. त्यापुढे वेग उतरतो, तिथे बार टाकायचा नाही. हे त्यांनी मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं.

त्या जानेवारीत त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात गळ्यात बांधलेला. "मान मी घडवली," त्या म्हणाल्या, "पण पहिला मान तुमचा. जा."

मी गेलो. दुपारभर मचाणावर बसलो, पाय बधिर झाले. उजेड उतरताना ओढ्यापलीकडच्या उतारावर एक मादी दिसली. ती लांब होती. थांबलो असतो तर कदाचित जवळ आली असती, कदाचित नसती. मला रिकाम्या हातानं फोन करायचा नव्हता. मी बार टाकला. ती दचकली आणि झाडीत गेली.

अंधार पडेपर्यंत शोधलं. सकाळी शेतकऱ्याच्या कुत्र्याला ती चरात सापडली. गोळी पोटातून गेली होती. ती बराच वेळ जिवंत होती हे भोवतीच्या उकरलेल्या चिखलावरून दिसत होतं. कुमुदताई टॅक्सी करून आल्या, एका हातानं तोल सावरत चरात उतरल्या, वाकून भोकं पाहिली. आत जाणारं लहान, बाहेर पडणारंही लहान. गोळी फुललीच नव्हती.

"किती लांब होती?"

"नव्वद यार्ड," मी म्हणालो. "ऐनवेळी हलली."

त्यांनी मान डोलावली. दुसरा प्रश्न विचारला नाही.

हात सुटल्यावर त्या कामाला लागल्या. शंभर यार्डांवर ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवून बार टाकायच्या, मग गठ्ठा उकलून गोळी काढायच्या. प्रत्येक गोळी छत्रीसारखी फुललेली. त्या ती माझ्या तळहातावर ठेवत. "मग त्या दिवशीच्या गोळीला काय झालं होतं?"

"एखादी खराब निघाली असेल."

"पेशंट टेबलावर गेला तर नातेवाइकांना 'एखादा' म्हणून सांगता येत नाही."

एका मंगळवारी शूटिंग क्लबात त्या उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत एवढंच बोलल्या, की माझा डोस चुकला, माझं काडतूस कुणी वापरू नये. जेफ म्हणाला, "डॉक, काडतूस चांगलंय हो, थांबा जरा." त्यांनी त्याच्याकडूनच बॅरल कापून घेतलं आणि लायसन्स परत केलं. मी मागच्या रांगेत बसलो होतो.

दोनेक वर्षांनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. त्या बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होत्या. मी म्हणालो, "कुमुदताई, ती नव्वदवर नव्हती."

बोटं थांबली नाहीत. "मग?"

"जास्त होतं."

"आकडा, जोगळेकर."

"दीडशे असेल."

आता त्या थांबल्या. हातात वाल धरून मनातल्या मनात हिशेब केला. "दीडशेलासुद्धा फुलायला हवी होती. पूर्ण नाही, पण फुलायला हवी. म्हणजे थोडं तुमचं, थोडं माझं."

त्यांनी पुन्हा सोलायला घेतलं. "चाळीस वर्षं सर्जन लोक स्वतःच्या चुका भुलीवर ढकलत आले. एकाचंही मी ऐकून घेतलं नाही, प्रत्येकाला रेकॉर्ड दाखवायला लावलं. तुम्हाला मात्र मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही." मग म्हणाल्या, "मंगळवारी क्लबात सांगा. मी येईन."

मी हो म्हणालो. मंगळवारी सर्दीचं निमित्त करून घरी राहिलो. त्या क्लबात जाऊन बसून आल्या, हे जेफकडून कळलं. तो विषय त्यांनी माझ्याकडे पुन्हा काढला नाही. बिरड्याचा डबा येत राहिला.

त्या झोपेत गेल्या. चर्चच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. एकानं आठवण सांगितली की कर्णिकबाई इतक्या हुशार, पण त्यांची ती घरची बंदूक मात्र फुसकी निघाली हो. त्यात वाईट हेतू नव्हता. लोक हसले, मीही हसलो.

मला आता ब्याऐंशी पूर्ण झाली. त्या सभेतले बरेच जण हे वाचतील म्हणून लिहितो. कुमुदताईंच्या काडतुसात दोष नव्हता, थोडासुद्धा नव्हता. त्या संध्याकाळी अंतर मोजायची दुर्बीण माझ्या गळ्यात होती, आणि बार टाकण्याआधी मी तिच्यातून पाहिलं होतं. आकडा स्पष्ट होता. दोनशे दहा यार्ड.