आबांचं घड्याळ आणि माझं पत्रक

माझ्या साखरपुड्याचं पत्रक मीच लिहून छापून घेतलं. आमच्या घरात कुणी शिंकलं तरी पत्रक निघतं, आणि ही खोड मला आजोबांकडून, म्हणजे आबांकडून लागली. त्यात ठळक अक्षरांत होतं : मुलाला अंगठी नाही, घड्याळ नाही, कोणतीही मौल्यवान वस्तू नाही. उंब्रजमध्ये ते घरोघरी वाटलं, मिरजेला मुलाकडच्यांनाही पाठवलं.

आबांना मात्र त्यांचं साखळीचं, खिशातलं घड्याळ नातजावयाला द्यायचं होतं. साखर कारखान्यात फिटर असताना मिळालेलं. कधी देवाला हात न जोडणारे आबा त्याला मात्र रोज सकाळी न चुकता चावी देत. आता बोटं थरथरायला लागली होती.

"बंद पडल्यालं मला बघवायचं न्हाई," ते म्हणाले. "चालत्या हातात जाऊ दे."

"आज घड्याळ दिलं की उद्या गाडी मागतात. तुम्हीच शिकवलंय, आबा."

"त्यो कुठं मागतोय? मी देतोय."

"हुंडा देणारे सगळे असंच म्हणतात."

आबांनी घड्याळ कानाशी धरलं. "आन् भंगार दिलं तर?"

सांगलीत शिकताना माझ्या खोलीखाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तिथं बसून बसून जुन्या घड्याळाची तबकडी अस्सल की मागाहून बसवलेली, हे मला ओळखता येऊ लागलं होतं, आणि ही विद्या मिरवायची हौसही होती. मी अट घातली : तबकडी अस्सल निघाली तर घड्याळ मौल्यवान, द्यायचं नाही. बदललेली निघाली तर खुशाल द्या. अस्सल निघणार याची मला खात्री होती. आबा लगेच "चालतंय" म्हणाले. तिथंच मला संशय यायला हवा होता.

साखरपुड्याला चहा झाल्यावर सगळ्यांसमोर मी डोळ्याला भिंग लावलं.

"लग्नाआधीच चिरफाड," होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

सेकंदाच्या छोट्या वर्तुळातल्या भोकात काट्याचा आस बरोबर मधे नव्हता, केसभर डावीकडं होता. मागचं झाकण उघडलं. तबकडीचे पाय, म्हणजे तिच्या मागच्या खुंट्या, धरून ठेवणारे दोन स्क्रू रिकामेच फिरत होते. पाय कापून तबकडी लाखेनं चिकटवलेली होती.

मी 'अस्सल' म्हणाले असते तर कुणाला काही कळलं नसतं. आबा आढ्याकडं बघत होते. मुलगा माझ्याकडं बघत होता.

"बदललेली आहे," मी म्हणाले.

"व्हय की," आबा म्हणाले. "मीच बदलून घेतली, मिरजंत."

आणि मग ती हकीकत निघाली. कारखान्यातला संप मोडायला मालकानं संपाच्या पुढाऱ्यांतल्या आबांना फोडायचं ठरवलं आणि हे घड्याळ हातात ठेवलं. तबकडीवर मालकाचं नाव, ठसठशीत. आबांनी घड्याळ घेतलं, तबकडी उतरवून दुसरी बसवली आणि दुसऱ्या दिवशी संपाची पत्रकं वाटायला पुन्हा फाटकावर हजर.

"परत का नाही केलं?" मी विचारलं.

"घड्याळ लय चांगलं व्हतं. नाव तेवढं वाईट व्हतं."

मुलानं घड्याळ घेतलं आणि तिथल्या तिथं चावी दिली. आबा मान तिरकी करून टिकटिक ऐकत राहिले.

"आणि जुनी तबकडी?" मी विचारलं.

आबांनी चंचीतून चुन्याची डबी काढली. तळाशी ती पांढरी चकती होती. तिच्यावर ते रोज चुना घोटायचे. मालकाचं अर्धं नाव घासून गेलेलं, उरलेलं अर्धं चुन्यात बुडालेलं.

एवढा अस्सल दस्तऐवज मी आजवर पाहिला नव्हता. "आबा, ही मला द्या."

आबांनी डबी मिटून पुन्हा चंचीत टाकली.

"ती अस्सल हाय, पोरी. तुज्या पत्रकात बसत न्हाई."