गाठ सुटेना, नवरी मरेना

आटगावला उतरलो तेव्हा आमच्या सामानात एक झुंबर होतं. खरं, काचेचं. ते लेकरासारखं पोटाशी धरून मार्टिन फलाटावर उभा होता आणि भोवती बघे जमले होते. मार्टिन हा ऑपेराचा दिग्दर्शक. ऑपेरा म्हणजे पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत गायचं नाटक, आपल्या संगीत नाटकाचा गोरा चुलतभाऊ. मार्टिनला नाट्यगृहांचा कंटाळा आलाय. याआधी त्याने कोरड्या पडलेल्या पोहण्याच्या तलावात ऑपेरा केला, गुरांच्या बाजारात केला. आता मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात, भाताच्या खळ्यावर करायचा होता.

ही जागा सुचवली माझ्या भाचीने, केतकीने. कित्येक वर्षं ती त्याच्या मंडळीत मागच्या रांगेत गातेय. या वेळी पहिल्यांदाच नवरीचं काम मिळालं होतं, तेही अटीवर. नाटकात नवरा भर मांडवातून निघून जातो आणि नवरी गात गात प्राण सोडते. ते शेवटचं गाणं उघड्यावर, माईकशिवाय साधलं तर पुढच्या दौऱ्यात नवरी तीच. नाही तर पुन्हा मागची रांग. मी सांगलीची गाणं शिकवणारी बाई, दुभाषी म्हणून सोबत निघाले होते, पण खरं सांगते, मी भाचीसाठी देव पाण्यात ठेवले होते.

मुक्काम सापगावला. सकाळी उठून लूका, म्हणजे आमचा नवरदेव, अंगणात गळा तापवायला लागला. दाढीवाला, दारात मावणार नाही असा गडी. त्याने तोंडाचा आ करून जो सूर लावला, त्याने कोंबड्या माळ्यावर गेल्या. शेजारची बाई लगबगीने वाटी घेऊन आली.

"दाढ ठणकते का ओ यांची? लवंगेचं तेल हाय, लावा."

मी समजावेपर्यंत लूकाने वाकून नमस्कार केला आणि बोट बुडवून तेल चाटलं. त्याला वाटलं, गायकाचा सन्मान करायची ही इथली रीत. मग त्याला पाणी पाजता पाजता मी आणि ती शेजारीण हसून बेजार झालो.

दुपारी गावात पोचलो. शेणाने सारवलेलं खळं, एका कडेला पेंढ्याची उडवी, मागे सिद्धगड. मार्टिनने कळवलं होतं, "मांडव अगदी खरा हवा." गावाने शब्द पाळला होता. उंबराची फांदी रोवलेली, वर जांभळीच्या पाल्याचे टाळे, पाट मांडलेले. आणि खरा मांडव म्हटल्यावर धवलारीणही (धवला, म्हणजे लग्नगीत, गाऊन लग्न लावणारी बाई) बोलावलेली. या चंद्राबाई. सत्तरीच्या, ताठ, कपाळभर कुंकू. त्यांचा आवाज ऐकून मार्टिन नाचायचाच बाकी राहिला. पहिल्या अंकातलं लग्न यांनीच लावायचं, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

चंद्राबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाय, नवरा-नवरी राजी हायत ना?"

"राजी आहेत. पण हे नाटक आहे हं, चंद्राबाई."

"ता माहीत हाय गो मला. नाटक तुमचा. धवला माझा."

मी मान डोलावली. घोळ तिथेच झाला.

उन्हं कलताना खेळ सुरू झाला. मांडवाला टांगलेलं झुंबर वाऱ्यावर किणकिणत होतं. अख्खा गाव पेंढ्यावर बसला होता, चहा फिरत होता. मी माईकवरून गोष्ट सांगितली. चंद्राबाईंनी धवला गायला, अक्षता पडल्या, आणि त्यांनी लूकाचं उपरणं केतकीच्या पदराला बांधून गच्च गाठ मारली. तालमीत ही गाठ नव्हती.

दुसऱ्या अंकात लूका उठला, छातीवर हात ठेवून निरोपाचा सूर लावला आणि निघाला. त्याच्यामागून नवरीही निघाली! त्याने हिसका दिला, तशी केतकी दोन पावलं पुढे. गावात हशा पिकला. लूका सूर न सोडता गाठ सोडायला लागला, तोच चंद्राबाई मांडवात शिरल्या आणि त्याचं मनगट धरलं.

"हात नको लावू रे! गाठ मी मारली, मीच सोडीन. नवरी घरात गेल्यावर."

उडवीच्या आडून मार्टिन दात-ओठ खात मला खुणावत होता, "तिला बाहेर काढ!" त्याला वाटलं, गावाने खेळ बंद पाडला. केतकीचा चेहरा पांढरा पडलेला. नवरा गेला नाही तर नवरी मरणार कशी, आणि मेली नाही तर गाणार काय? मी धावले.

"चंद्राबाई, तो गेल्याशिवाय पोरीला तिचं गाणं गाता येत नाही. त्या गाण्यावर तिचं सगळं अवलंबून आहे."

"मग गाऊ दे की. आमी कुठं नाय म्हणतो?"

"अहो, ते मरतानाचं गाणं आहे."

चंद्राबाईंनी केतकीकडे नीट पाहिलं. "गान्यासाठी मरायचा कशाला गो? धवला झालेली नवरी माझ्या मांडवात मरायची नाय. बस पाटावर. गा."

केतकी बसली. लूकाही बसला, बसला कसला, चंद्राबाईंनी बसवला. क्षणभर फक्त झुंबर वाजत होतं. मग तिने डोळे मिटले आणि तेच गाणं सुरू केलं, नवऱ्याचा हात हातात घेऊन. एरवी ती ते आडवी पडून, खोल जात जात गायची. आज पाठ सरळ होती, श्वास पोटातून येत होता. शेवटचा उंच सूर तिने असा लावला की चहाचे पेले हातातच राहिले. सूर संपला तसा चंद्राबाईंनी धवला उचलला आणि बायांनी साथ धरली. मी चक्क रडत होते. आनंदाने.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. नवरीला घरात नेऊन चंद्राबाईंनी गाठ सोडली तेव्हा कुठे लूकाला दोन्ही हातांनी जेवता आलं. भाकरी मोडत मार्टिनने मला विचारलं, "ती बाई नक्की काय म्हणाली?" मी शब्दन् शब्द सांगितला. त्याने केतकीकडे पाहिलं. "मरताना हिने इतकं चांगलं कधीच गायलं नव्हतं," म्हणाला आणि आणखी बिरडं मागून घेतलं.

निघताना चंद्राबाईंनी केतकीची ओटी भरली. आटगावच्या फलाटावर मार्टिनच्या पोटाशी पुन्हा झुंबर होतं आणि केतकीच्या पदरात नारळ.

सांगलीला येऊन मी जन्मभर शिकवलेली विरहाची गाणी परत म्हणून पाहिली, पाठ सरळ ठेवून. बरी लागतात. परवा केतकीचा फोन आला. दौऱ्यात नवरी तीच आहे. तिकडे परदेशातल्या खेळात गाठ नसते, त्यामुळे रोज रात्री मरावं लागतं. "पण मावशी," ती म्हणाली, "सोडून जाताना लूका दर वेळी दारापाशी थबकतो आणि पहिल्या रांगेत बघून घेतो, कुणी उठत तर नाही ना!"