दिसत नाही, म्हणजे लाल

माझ्या वडिलांची सगळी नोकरी मालगाडीच्या इंजिनात गेली. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी स्कूटर हीसुद्धा आगगाडीच. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा सहायक. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. ही शिस्त बाबांनी घरीही लावली. आई स्कूटरवर मागे बसायची आणि चौक आला की "हिरवा!" म्हणून ओरडायची. बाबा "हिरवा!" म्हणत गाडी काढायचे. आमच्या समता कॉलनीतली पोट्टी त्यांची नक्कल करायची. आईला हसू यायचं, पण ओरडणं तिनं कधी चुकवलं नाही.

आई गेल्यावर बाबा एकटेच भाजीला, बँकेत, पंडरीच्या बाजारात जाऊ लागले. मग एक दिवस समोरच्या घरातल्या दीदी आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अंकलजी चौक पर हरी बत्ती में खड़े थे. पीछे पूरा जाम लग गया. एक बार आँख दिखवा लो."

मी बाबांना विचारलं.

"सिग्नलसमोर फ्लेक्स बांधला आहे. दिसून नाही राहिला," बाबा म्हणाले.

"मग बाकीचे कसे जातात?"

"बाकीचे का रेल्वेत होते? सिग्नल दिसत नाही, म्हणजे लाल. असा नियम आहे."

मी जाऊन पाहिलं, तर बाबा खोटं बोलत नव्हते. कोण्या युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स थेट सिग्नलच्या खांबाला बांधला होता. शुभेच्छा देणाऱ्यांचेच तीसचाळीस चेहरे, आणि नेत्यापेक्षा त्यांचे गॉगल मोठे. त्यातल्या एकाच्या कानामागून दिवा अर्धामुर्धा डोकावत होता. खालची दोरी सुटलेली, त्यामुळे वारा आला की फ्लेक्स येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडावर फडफडायचा. पण अर्धामुर्धा का होईना, दिवा मला दिसत होता. घरी येऊन मी स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

"फ्लेक्स निघाला की देते," मी म्हटलं.

"मग तक्रार टाक. मोबाइलवर होते म्हणतात."

बाबांनी मजकूर सांगितला. "दृश्यता बाधित" हे शब्द आलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह. मी सगळं टाइप केलं, फोटो जोडला, आणि पाठवलं नाही. "टाकली, बाबा," असं मात्र सांगितलं. खरं कारण साधं होतं. फ्लेक्स लटकत होता तोवर किल्ली माझ्याकडे राहणार होती, आणि मी ऑफिसात निवांत बसू शकत होते. बाबांच्या डोळ्यांबद्दल बाबांशी बोलण्यापेक्षा युवा नेत्याच्या आड लपणं मला सोपं गेलं.

रोज चहाच्या वेळी बाबा विचारत, "आलं का काही उत्तर?"

"सरकारी काम आहे, वेळ लागतो," मी म्हणायची. खापर फोडायला सरकारचं डोकं नेहमी तयारच असतं.

तीन आठवडे बाबांनी वाट पाहिली. मग एका सकाळी डोक्याला गमछा बांधून ते पायीच महापालिकेच्या झोन ऑफिसात गेले. बरोबर हातानं लिहिलेला अर्ज आणि पट्टीनं आखलेला चौकाचा नकाशा. दुपारी परत आले ते खुशीत.

"बाबूनं खुर्ची दिली, पाणी दिलं. नकाशा पाहून म्हणे, दादाजी, ऐसी शिकायत तो आज तक नहीं आई." बाबांनी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या. "अन् म्हणे, ऑनलाइन तो कुछ आया ही नहीं."

मी कुकरची शिटी नीट बसवू लागले. ती नीटच बसलेली होती.

"मले वाटलंच होतं," बाबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. रागावले असते तर मला भांडता तरी आलं असतं. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

आणि ज्या सरकारवर मी तीन आठवडे खापर फोडत होते, त्याची गाडी दोन दिवसांत आली. शिडी लागली, सगळे गॉगलवाले गुंडाळले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा हात पुढे करून माझ्यासमोर उभे.

"चाबी."

मी किल्ली दिली. "पण मी मागे बसते," म्हटलं.

चौक आला. खांब मोकळा, दिवा हिरवागार. बाबांनी वेग कमी केला, आणि पाय टेकवून थांबले. मागे हॉर्न सुरू झाले. बाबांनी मान किंचित मागे वळवली होती, कान माझ्याकडे.

"बोल ना. काहून बोलून नाही राहिली?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं आई मागून नुसती शिस्त पाळत नव्हती. ती बघत होती.

तेवढ्यात सिग्नल लाल झाला आणि आमचं उभं राहणं कायदेशीर ठरलं. पुन्हा हिरवा झाला तसं मी ओरडले, "हिरवा!" माझा आवाज फाटला. "हिरवा!" म्हणत बाबांनी गाडी काढली. चौक ओलांडून त्यांनी ती कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"तुझ्या आईनं कोणाले सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "तू बी नको सांगू."

आता गाडी मी चालवते, बाबा मागे बसतात. चौकात मी "हिरवा!" म्हणते आणि ते असा खणखणीत दुजोरा देतात, की जणू आधी त्यांनीच पाहिला. परवा त्याच खांबाला नव्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला. या वेळी तक्रार मी खरोखर पाठवली, चौकातून परतल्यावर पाच मिनिटांत, "दृश्यता बाधित" या शब्दांसकट. तो निघेपर्यंत मला गॉगलच्या कडेनं हिरवा दिवा दिसतो. पण मी "हिरवा!" म्हणत नाही. मागून बाबा म्हणतात, "दिसत नाही, म्हणजे लाल." मागचे हॉर्न वाजवत राहतात, आणि मी थांबते.