सात वाजताचा ग्लास

गेल्या मंगळवारी म्हैसूरला, विजयनगरच्या माझ्या किचनमध्ये उभी राहून मी आईची चोरी पकडली. आई सांगलीत, मी इथे, तरीही...

झालं असं, की चार महिन्यांपूर्वी माझी हाडांची टेस्ट झाली. वय सत्तेचाळीस आणि हाडं म्हणे साठीची! डॉक्टर इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, मराठीत कानडी मिसळून बोलणाऱ्या. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "नोडी, घाबरू नका. गोळ्या घ्या, चाला, रोज दोन लोटे दूध प्या. अष्टे."

लोटे म्हणजे इथे ग्लास. त्यांना 'अष्टे', म्हणजे 'बस्स, एवढंच', म्हणायला काय जातंय... मला दुधाचा वाससुद्धा नको वाटतो. लहानपणी माझ्या वाटचं निम्मं दूध गॅलरीतल्या मोगऱ्याला जायचं.

मग आठवली आई. गेल्या वर्षी बाथरूममध्ये जराशी घसरली, तर मनगट मोडलं. आमच्या घरात दूध आधी बाबांना, मग आम्हा मुलांना, आणि तिच्या वाट्याला चहापुरतं. आता बाबा नाहीत, एकटीसाठी काय तापवायचं म्हणून तेही नाही.

म्हणून मी नियमच काढला. रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल, आणि दोघींनी एकमेकींसमोर ग्लास संपवायचा. मी नाक मुरडत प्यायचे, ती हसत हसत. त्याआधी आमचं बोलणं म्हणजे रविवारी पाच मिनिटं, आणि तेव्हाही माझं लक्ष लॅपटॉपमध्ये.

तर मंगळवारी तिचा फोन टेबलावरून घसरला. तिने तो पटकन उचलला, पण तेवढ्यात मला वरून तिचा ग्लास दिसला... आत पाणी होतं! स्टीलचा ग्लास, त्यामुळे चार महिने मला पत्ताच नाही.

मी भडकले. पुन्हा पडलीस तर कोण उचलणार, मी इथून किती तासांनी पोचणार, सगळं बोलून घेतलं.

ती म्हणाली, "अगं, दूध पचत नाही मला आता. पोट फुगतं."

"मग सांगायचं ना आई."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बरं, मग राहू दे. आणि सातचा फोन बंद झाला असता."

मी अगदी तसंच म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी माझ्या डॉक्टरांना विचारलं. "दूध नको तर रागी द्या की, ताक द्या. आमच्या आज्जीनं जन्मभर तेच खाल्लं," त्या म्हणाल्या. सांगलीच्या डॉक्टरांनीही हो म्हटलं. आता आईच्या ग्लासात रागीची, म्हणजे आपल्या नाचणीची आंबील असते, आणि ग्लास काचेचा आहे.

काल दोघींचे ग्लास संपले, तरी मी फोन ठेवला नाही. ती त्या दुखऱ्या हाताने सावकाश मटार सोलत बसली आणि मी नुसती बघत राहिले. मला तिच्या शेजारी बसून चार शेंगा सोलायच्या होत्या... सांगली इतकी लांब आहे, हे इथल्या अठरा वर्षांत काल पहिल्यांदा कळलं.