पाह्यलं का ऐकलं?

दवाखान्यायच्या राजकारनाचा इतिहास लिवनारी एक बाई कारंज्यावरून यष्टीनं आमच्या गावात येत राह्यते. लय शिकेल हाय, पन म्हाताऱ्यायजोळ भुईवर बसते. कोनी काईबी सांगतलं का इचारते, "पाह्यलं का ऐकलं?"

मी म्हनलं, "गावात दवाखाना पाह्यजे म्हनून काढलेल्या मोर्च्यात मी सर्व्यात पुढं होतो."

"पुढं काहून?"

"मांगून पोलीस येऊन राह्यले होते."

हासली, पन तेबी लिवलं.

लिवलेलं ती गावासमोर वाचून दाखवते. परवा पारावर वाचलं, का एक बाळंतीन दूरच्या दवाखान्यात नेतानी बैलबंडीतच मेली, मंग बायायनं रस्ता अडवला, तवा दवाखाना आला.

आमचे पुढारी उठले. "दवाखाना माह्या बापानं आनला!"

"भाऊ, ते उद्घाटनाले आले होते, ते लिवलं हाय," बाई म्हने. "रस्त्यावर बाया कोनी पाह्यल्या?"

सारे खाली पाहू लागले. मी पुढाऱ्याच्याच वावरात मजुरीले जातो. तरी हात वर केला. म्हनलं, "मी पाह्यल्या."

"तुले कोनं इचारलं बे?" पुढारी खेकसला.

"मी इचारलं," बाई म्हने, अन् पुढचं वाचाले लागली.