तोफगोळ्यांना पाणी

त्या उन्हाळ्यात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे पेपर देत होतो आणि आमच्या मागच्या अंगणात तोफेचे गोळे उभे होते. हे वाक्य लिहिताना आजही जरा संकोच वाटतो, ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल म्हणून. पण गोळे खरंच होते. सिमेंटचे होते.

पिपरी मेघेला तेव्हा वस्ती विरळ होती. घरामागून शेतंच सुरू व्हायची. बाबा दिवसा वर्ध्याला ठेकेदाराकडे गवंडीकाम करायचे आणि सकाळ-संध्याकाळ घरी सिमेंटच्या वस्तू. खिडकीच्या जाळ्या, तुळशीवृंदावनं, गुरांची टाकी. साच्यातून निघालेल्या वस्तूला पाणी घालायचं काम मायचं. सिमेंट हळूहळू घट्ट व्हायला हवं, उन्हानं आधीच सुकलं तर चिरतं, एवढं आमच्या घरात लहानपणीच कळायचं.

फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार एक दिवस सायकलच्या कॅरियरवर पोत्यात काहीतरी बांधून घेऊन आले. पोतं सोडलं तर आत जुन्या तोफेचा रिकामा गोळा. गोळा म्हणतात, पण गोल नव्हताच. मांडीएवढा उंच, वर निमुळता, खाली तांब्याचा पट्टा. वर्ध्यात एका चौकात चबुतरा बांधून त्यावर जुनी तोफ ठेवणार होते, आणि तिच्याभोवती असे गोळे उभे करायचे होते. खरे मिळत नव्हते. लोखंडाचे केले तर आठवड्यात भंगारवाल्याकडे जातील, असं सुभेदारांचंच म्हणणं. म्हणून सिमेंटचे. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. त्यांनी खटपट करून पोती मिळवली होती, आणि जाताना बजावलं, "बिघडलं तर दुसरं पोतं नाही. समजून करा."

मायनं तो नमुना घरात घेऊ दिला नाही. "फुटन बिटन," म्हणाली. बाबांनी तो उलटा करून आतली पोकळी दाखवली, तरी तो अंगणातल्या निंबाखालीच राहिला. पुढं तिनंच त्यावर ओलं फडकं वाळत घालायला सुरुवात केली.

बाबांनी नमुन्यावरून प्लास्टरचा दोन फाळ्यांचा साचा केला. चिकटू नये म्हणून आत जळकं ऑइल फासायचं, मधे सळई उभी करायची, सिमेंट-वाळूचा माल ठासायचा. दुसऱ्या दिवशी फाळ्या सोडल्या की एक गोळा. ऑइल फासणं माझ्याकडे होतं. पेपरला बसलो तरी नखांत काळं असायचं. एका पर्यवेक्षकांनी माझ्या बोटांकडे पाहून उत्तरपत्रिका दोनदा उलटून पाहिली होती.

गोळे वाढत गेले तसं पाणी घालायचं कामही वाढलं. मे महिन्यात विहीर पार खाली गेलेली. बादली दगडावर आपटायची आणि अर्धीच वर यायची. पहाटे मी काढायचो, मग अभ्यासाला बसायचो, पुस्तकावरच डोळा लागायचा. दिवसभर मायच काढायची. गोळ्यांवर टाकलेली रिकामी पोती ओली केली की वर्ध्याचं ऊन ती बघता बघता कोरडी करायचं. शेजारची काकू कुंपणावरून विचारायची, "काव, पाकिस्तानवर जाऊन राह्यली का?"

"जातो ना," माय बादली न ठेवता म्हणायची. "हे वाळले का निंगतोच."

त्याच महिन्यात हिंगणीला मायच्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. तिच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगणारी आत्या म्हणजे माय. लग्नाची गोष्ट निघाली की ती विहिरीवरही उभी राहून बोलायची, नाहीतर त्या दिवसांत ती बादली खाली ठेवतच नव्हती. हिंगणीला ती कितीतरी महिन्यांत गेली नव्हती. पेटीतलं एक हिरवं पातळ काढून तिनं घडी मोडून पाहिलं, पुन्हा ठेवलं.

लग्नाचा दिवस आला आणि तिन्ही बाजू एकदम अडल्या. बाबांच्या कामावर त्या दिवशी स्लॅब होती. स्लॅबच्या दिवशी गवंडी सुट्टी मागत नाही. माझा पेपर होता. आणि आदल्या संध्याकाळी बाबांनी साऱ्या गोळ्यांवर निव्वळ सिमेंटचा पातळ हात मारला होता, छिद्रं बुजावीत म्हणून. त्यांना दुसरी वेळच नव्हती. तो थर कच्चा असताना कुणीतरी दिवसभर जवळ राहायला हवं होतं.

मी म्हणालो, "मी राह्यतो. पेपर सप्टेंबरात देईन."

साऱ्या ओळखीपाळखीच्यांना बाबा "पोराचे पेपर हायेत" असं सांगत फिरलेले. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

माय चुलीपुढं होती. वळूनही न पाहता म्हणाली, "चुपचाप जाय. लगन काय, पोरगी दिवाळीले येईनच. तुयं वर्ष गेलं त कोण आणून देईन?"

"काकूले सांगू ना."

"तिच्या घरची जनावरं तहानलेली राह्यते, थे गोळे पायनार?"

हे बोलताना ती हसली, पण आवाज हसला नाही. मी निघालो तेव्हा हिंगणीकडची पहिली बस गेली असावी.

पेपर कसा गेला ते मला आठवत नाही. परत आलो तर अंगणात गोळे उभे, आणि प्रत्येकाला कापड गुंडाळलेलं. ऊन इतकं चढलं की पोत्यांनी निभेना, म्हणून तिनं तिचं एक जुनं, विरलेलं लुगडं फाडलं होतं, पट्ट्या ओल्या करून बांधल्या होत्या. ती स्वतः निंबाखाली भिंतीला टेकून, हातात तांब्या धरून झोपली होती.

संध्याकाळी बाबा स्लॅबवरून आले, अंगभर सिमेंट. त्यांनी एक पट्टी सोडली आणि तसेच उकिडवे बसले. कच्च्या थरावर लुगड्याची वीण उमटली होती. धागा न् धागा. खाली काठाची नक्षीसुद्धा.

"हे काय केलं व?"

"चिरले असते," माय म्हणाली. "पाय, एक तरी चिरला का?"

एकही चिरला नव्हता. बाबा दगड घेऊन ती वीण घासून काढायला बसले, मीही बसलो. माय पाणी टाकत राहिली. शेवटच्या गोळ्यापाशी बाबांचा हात थांबला. "राहू दे आता," म्हणाले, आणि तिथंच आडवे झाले.

सुभेदार पाहायला आले तेव्हा बरोबर त्याच गोळ्यावर त्यांनी बोट फिरवलं. "तोफेच्या गोळ्याला काठ कसा काय?"

बाबांनी मायकडं पाहिलं. माय विहिरीकडं पाहत होती.

सुभेदारांनी बोट काढून घेतलं. "याला मागं ठेवू," म्हणाले. "काळा रंग दोन हात द्या."

दिवाळीनंतर ती मुलगी, माझी मामेबहीण, आली. हातातला हिरवा चुडा अजून नवा दिसत होता. पाया पडली, पण चेहरा ओढलेलाच. चहा झाल्यावर म्हणाली, "लग्नात साऱ्याईच्या आत्या होत्या. माहीच नोहती."

मायनं चपला घातल्या. "चाल, दाखवतो तुले."

चौकात तोफेवर दोन पोरं बसली होती, शेंगदाणेवाला चबुतऱ्याला टेकून होता. गोळे काळे, तांबड्या पट्ट्याचे, अगदी खऱ्यासारखे. माय तिला मागच्या बाजूला घेऊन गेली, वाकली, आणि तिचा हात धरून एका गोळ्याच्या बुडाशी टेकवला. मी जरा दूर उभा होतो.

बहिणीची बोटं रंगावरून पुढं सरकली, मागं आली. "रुईफुलाचा काठ," ती म्हणाली. "आत्या, हे त भाऊबीजेचं लुगडं होय. मी होती ना दुकानात बाबासंग. मीच निवडलं होतं."

"माहीत हाय मले. तुया लगनाच्या दिवशीच फाडलं थे, हे गोळे चिरू नये म्हून."

"म्हणजे माह्या लग्नाच्या दिवशी तू याच्यापाशी बसली होती?"

"बसाले कुठं भेटलं वं," माय म्हणाली.

मग ती खरोखरच बसली, चबुतऱ्याच्या कडेला, चपला काढून, पाय लांब करून. बहीण तिच्या शेजारी टेकली. शेंगदाणेवाल्यानं थोडं सरकून जागा दिली. हिंगणीची बस सुटायला अजून वेळ होता, आणि उठायची घाई कुणालाच नव्हती.